चष्मा काढून ऐकणाऱ्या वकीलबाई

"खोटं आधी सांगून घ्या," वकीलबाई म्हणायच्या, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या.

समोरचा माणूस गोंधळायचा. तो आलेला असायचा व्हिसाचं विचारायला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासपोर्ट, पासपोर्टात कुठल्यातरी एजंटचं चकचकीत कार्ड. काय सांगायचं आणि काय गाळायचं हे त्याने घरून ठरवून आणलेलं असायचं, आणि इथे ही बाई नेमकं तेच आधी मागत होती. "मी कशाला खोटं सांगू, मॅडम?" असं तो म्हणायचा. बाई म्हणायच्या, "सांगाल. सगळे सांगतात. पोटात ठेवलंत तर खऱ्यात मिसळतं, मग मला निवडत बसावं लागतं. आधी काढून टाका."

मग तो सांगायचा. बाई डोळे बारीक करून, गोष्ट ऐकावी तशा ऐकायच्या. मध्ये हुंकार द्यायच्या. एखादं खोटं चांगलं जमलेलं असलं तर मान डोलवायच्या. त्याचं संपलं की विचारायच्या, "झालं? आता चष्मा लावू?"

तुम्हाला हे नाटक वाटेल. मलाही वाटलं होतं. पण चष्मा नाकावर चढला की समोरच्याचा आवाज खाली यायचा, पिशवीतून आणखी एक कागद निघायचा, आणि खरी गोष्ट सुरू व्हायची. त्यांच्या ऑफिसातल्या बाकावर बसून मी हे इतक्यांदा पाहिलंय की माझ्यासमोर आज कुणी चष्मा काढला तरी मला उगाच काहीतरी थाप मारावीशी वाटते.

बाईंचं ऑफिस सुरतेत, उधन्यात, साडीचे खोके विकणाऱ्या दुकानाच्या वर. जिन्यात खोक्यांच्या चळती, त्यामुळे अंग चोरून वर जावं लागायचं. आमचे खानदेशी लोक त्यांना वकीलबाई म्हणायचे, गुजराती शेजारी वकीलबेन. कोर्टातलं काम त्यांनी केव्हाच कमी केलं होतं. आता फक्त परदेशी जाणारे, जाऊन अडकलेले आणि जाऊ न शकलेले. त्या स्वतः शिरपूरकडच्या, लग्न होऊन सुरतेत आलेल्या. कुणी विचारलं की बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या, तर म्हणायच्या, "मीही बाहेरचीच. तापीच्या वरच्या अंगाची. फक्त मला व्हिसा लागला नाही."

माझी नि त्यांची गाठ पडली ती एका पत्रकामुळे.

मी पत्रकं लिहिते. राहते उधन्याजवळच बमरोलीत, आणि आमच्या भागातल्या कामगारांच्या एका लहानशा मंडळासाठी लिहिते. पगार, अपघात, खात्यातल्या वायरिंगपासून संडासापर्यंत. खातं म्हणजे लूमचा कारखाना, इथे सगळे तसंच म्हणतात. त्या दिवसांत आमच्या वस्तीत व्हिसा एजंटांचा सुळसुळाट झाला होता. तुम्ही पाहिले असतील ते बोर्ड: हसणारी गोरी मुलगी, मागे विमान, खाली 'शंभर टक्के खात्री'. शंभर टक्के खात्री देणारा माणूस शंभर टक्के लबाड असतो, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर बारा तास उभी राहणारी पोरं पर्यटकाच्या व्हिसावर पाठवायची, तिकडे गेल्यावर काम मिळेल म्हणून सांगायचं, आणि ती तिकडे पकडली गेली की फोन बंद. मी भडकले होते. भडकून पत्रक लिहिलं होतं. आणि दिसेल त्या दारावर ते चिकटवत सुटले होते.

बाईंच्या दारावर व्हिसा हा शब्द दिसला, म्हणून तिथेही चिकटवलं.

दार उघडलं. बाईंनी पत्रक सोलून काढलं, वाचलं, आणि मला आत बोलावलं. टेबलाच्या खणातून लाल पेन्सिल काढली. 'नराधम' खोडलं. 'रक्तपिपासू' खोडलं. 'निर्लज्ज, नीच आणि निर्ढावलेल्या' यातले तिन्ही शब्द एका रेघेत खोडले. शेवटी कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर उरलं होतं: 'एजंटांपासून सावध राहा.'

"आता सांग पोरी," त्या म्हणाल्या, "यात एजंट करतो काय, ते कुठे लिहिलंय?"

मला राग आला. खूप आला. मी म्हणाले की लोकांना चीड यायला पाहिजे. त्या म्हणाल्या, "चीड त्यांना आहेच. त्यांना हे माहीत नाही की पर्यटकाच्या व्हिसावर काम करता येत नाही. ते लिही. विशेषणं काढलीस की जागा भरपूर आहे."

त्यांचं सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य हेच असावं. पर्यटकाच्या व्हिसावर काम करता येत नाही. एकदा सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतला एक रंगारी आला. त्याला हे वाक्य ऐकवल्यावर त्याने विचारलं, अर्धा दिवस केलं तर? नाही. मेहुण्याच्या दुकानात केलं तर? नाही. पगार न घेता केलं तर? नाही. नुसतं गल्ल्यावर बसलं, हात लावला नाही तर? बाई जराही न वैतागता दर वेळी नाही म्हणत होत्या. शेवटी त्याने बराच विचार करून विचारलं, "आणि मेहुणा जेवायला गेला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तर गिऱ्हाइकाला सांगा, मेहुणे जेवायला गेलेत," त्या म्हणाल्या. "एवढं पर्यटकाला बोलता येतं."

तो हसत हसत जिना उतरला. आणि परदेशी गेला नाही. हे महत्त्वाचं आहे. बाईंकडे आलेले निम्मे लोक जायचं रद्द करूनच उतरायचे, आणि तरी दिवाळीला मिठाई घेऊन यायचे. कुठला एजंट असा धंदा करेल?

परदेशातल्या कायद्याबद्दल मात्र त्या कधी ठोकून बोलल्या नाहीत. त्यांचा नियमच होता: इथून काय पाठवायचं ते मी सांगीन, तिथल्या कायद्याचा शेवटचा शब्द तिथल्या वकिलाला विचारा. आणखी एक नियम होता. कुणाच्या प्रकरणाबद्दल बाहेर बोलायचं झालं तर देशाचं नाव घ्यायचं नाही. म्हणून आता जी गोष्ट सांगणार आहे तिच्यातला देश मीही सांगणार नाही. थंड आहे, एवढं पुरे. आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगते आहे.

भूषण आमच्याच गल्लीतला. एम्ब्रॉयडरी मशीनचा मेकॅनिक. त्याची बायको रोहिणी नर्स. तिला त्या देशात एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली, आणि ती एकटी पुढे गेली. नवऱ्याला मागून नेता येतं, असा तिथला कायदा. गल्लीत पेढे वाटले गेले. भूषणने जाड जाकीट घेतलं आणि सुरतेच्या उन्हात ते घालून सगळ्यांना दाखवलं. मग त्याचा अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं होतं की हे लग्न खरं असल्याची खात्री पटत नाही.

तो बाईंकडे आला तेव्हा बरोबर त्याची माय होती, आणि बाकावर मी होते. पत्रकाच्या पाचव्या की सहाव्या खर्ड्यावर लाल पेन्सिल चालवून घ्यायला आले होते.

बाईंनी चष्मा काढला. भूषणने सांगितलं की सगळे कागद बरोबर होते, फोटोही भरपूर दिले होते, लग्नाचे, दिवाळीचे, वाढदिवसाचे, सहलीचे, आणि साहेबांनी उगाचच नाकारलं. बाईंनी हुंकार दिला. "सहल कुठे?" त्याने सांगितलं, सापुताऱ्याला. "थंडी होती?" होती, तो म्हणाला, फार होती. "बरं. झालं? चष्मा लावू?"

भूषणने मायकडे बघितलं. मग म्हणाला, "बाई, सापुताऱ्याला आम्ही गेलोच नाही."

सगळं बाहेर आलं. लग्नाचा आल्बम त्याने एजंटला दाखवला होता. एजंटने चार पानं उलटली आणि आल्बम मिटला. यात तुमच्या दोघांचा एक धड फोटो नाही, म्हणाला, हे पाठवलं तर साहेब हसतील. "चिंता ना करो, थई जशे," होऊन जाईल म्हणाला, आणि रोहिणी जायच्या आधीच दोघांना एका स्टुडिओत नेलं. तिथे कपडे होते, पडदे होते, केक होता. एकाच दुपारी त्यांची दिवाळी झाली, वाढदिवस झाला, पावसाळी सहल झाली. पाच वेगळे कपडे, पाच वेगळे पडदे. आणि प्रत्येक फोटोत रोहिणीच्या हातावर मेंदी तीच. आदल्या दिवशी नणंदेच्या साखरपुड्यात काढलेली. दिवाळीला गडद, वाढदिवसाला गडद, पावसाळ्यातही तेवढीच गडद. कुठल्याशा टेबलामागच्या माणसाने ते पाहिलं आणि नकारपत्रात शांतपणे लिहून टाकलं.

मी उठून उभी राहिले. म्हणाले, चला, आत्ताच्या आत्ता त्या एजंटच्या ऑफिसवर जाऊ, दारात बसू, बोर्ड उतरवू. भूषणही उठला.

"बसा दोघं," बाई म्हणाल्या. "बोर्ड उतरेल. त्याने हा विमानात चढेल का?"

आम्ही बसलो. बसल्यावर कळलं की गोष्ट अजून संपलेली नाही. तोच एजंट आता दुसरा मार्ग सांगत होता: पहिला नकार लपवा, नव्या पासपोर्टवर नवा अर्ज करा, नवे फोटो मी काढून देतो, या वेळी मेंदी पुसून. आणि तिकडे रोहिणीने कळवलं होतं की दुसऱ्यांदा नकार आला तर ती राजीनामा देऊन परत येणार. तिच्या सासूने घरोघरी भांडी घासून तिच्या शिक्षणाला हातभार लावला होता. ती नोकरी म्हणजे त्या घराचं एकच मोठं स्वप्न होतं.

बाईंनी सरळ सांगितलं. नकार लपवला तर तो सापडतो. सापडला की पुढची कित्येक वर्षं दार बंद, आणि रोहिणीच्या नोकरीवरही शिंतोडे. दुसरा रस्ता असा की नव्या अर्जात स्वतःहून लिहायचं: मागचे फोटो बनावट होते, स्टुडिओत काढले होते, आमची चूक झाली, आणि लग्न खरं आहे त्याचा हा पुरावा. यातही खात्री नाही. "खात्री हवी असेल तर खाली बोर्ड पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या.

माय घाबरली. तोवर तिने एक शब्द काढला नव्हता. "बाई, चोरी कबूल कऱ्यावर कोनी घरमा घेस का?" तिने विचारलं.

तिचं खोटं नव्हतं. मलाही तेच वाटत होतं. बाई म्हणाल्या, रोहिणीला विचारा, हातावरची मेंदी तिची आहे. भूषणने तिथूनच फोन लावला. रोहिणी रात्रपाळी करून नुकतीच खोलीवर आली होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती काय म्हणाली ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं, कारण भूषणचा फोन स्पीकरवर होता.

"खरं लिहा," ती म्हणाली. "त्या फोटोंतली मी मलाच ओळखू येत नाही. नाही म्हणाले तर येते मी परत. पण त्या केकच्या जोरावर मला तुम्हाला इथे आणायचं नाही."

बाईंनी मायकडे पाहिलं. "लग्नाचा आल्बम आणा," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आल्बम डोक्यावर घेऊन जिना चढली.

आता या आल्बमबद्दल सांगायलाच हवं. तुम्ही खानदेशातल्या लग्नाला गेला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: आमच्याकडे लग्नात मानाच्या प्रत्येक पाहुण्याला बोलावून टॉवेल आणि टोपी देतात. लाऊडस्पीकरवरून नाव पुकारतात. मामा येतो, त्याच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, फोटो. मोठा काका, टोपी, टॉवेल, फोटो. सरपंच, माजी सरपंच, माजी सरपंचांशी बोलत नसलेले दुसरे माजी सरपंच. मुहूर्त टळतो, टोप्या टळत नाहीत. ज्याला टोपी मिळाली नाही तो जेवत नाही, आणि ज्याचा टोपीसकट फोटो निघाला नाही तो पुढच्या लग्नाला येत नाही. त्यामुळे फोटोग्राफरला मुलीकडून नि मुलाकडून एकच हुकूम असतो, एकही टोपी सुटता कामा नये.

भूषणच्या आल्बममध्ये एकही टोपी सुटली नव्हती. पानामागून पान टोप्या. नवरा-नवरीचा म्हणून जो एक फोटो होता त्यात दोघं हार घालून ताठ उभी, एकमेकांपासून हातभर लांब, चेहरे पोलीस ठाण्यात काढल्यासारखे. एजंट साहेब हसतील म्हणाला ते अगदीच बिनबुडाचं नव्हतं.

माय मात्र उत्साहाने सांगत सुटली. कोण कुणाचा कोण. "हाऊ मन्हा मोठा भाऊ शे. टोपी पयले त्यालेच. तोंड देखा त्यानं, तवय बी रुसेल व्हता." कशावरून रुसला होता ते तिने सांगितलं, त्यावर भूषणने दुरुस्ती केली, त्यावरून मायलेकांत थोडी जुंपली. मी जांभई दिली. बाई खणातून भिंग काढून पानावर वाकल्या होत्या. हे भिंग त्या अलीकडे फार वापरू लागल्या होत्या.

"मामांचं झालं," त्या अचानक म्हणाल्या. "त्यांच्या मागे कोण आहे?"

आम्ही वाकलो. रुसलेल्या मामांच्या टोपीमागे, लांब, स्टेजच्या कडेला, बोटाच्या पेराएवढी दोन माणसं होती. भूषणच्या मुंडावळ्या कानात अडकल्या होत्या आणि रोहिणी त्या सोडवत होती. जीभ दाताखाली धरून.

बाईंनी पान उलटलं. माजी सरपंच, आणि त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं तर भूषण लग्नपत्रिकेने रोहिणीला वारा घालतोय. पुढचं पान. दुसरे माजी सरपंच. मागे रोहिणी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली आहे, आणि तिचं डोकं पडू नये म्हणून भूषणने आपला खांदा वाकडा करून धरलाय. चेहरा असा की मान अवघडली आहे पण हलणार नाही. पुढच्या पानावर दोघं एकाच द्रोणातून काहीतरी चोरून खात होती. सगळं गाव टोप्यांकडे बघत होतं, फोटोग्राफर टोप्यांकडे बघत होता, आणि लग्न मागे चाललं होतं.

माय भिंगातून बघत राहिली. तिने हा आल्बम कितीदा पाहिला असेल, पण तिची नजर कधी भावांच्या मागे गेली नव्हती. "आते देखाय ऱ्हायनं," ती हळूच म्हणाली. भूषण लाजून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

पत्र लिहायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं. मी जीव ओतून लिहिलं. साम्राज्य काढलं, वर्ण काढला, ज्यांच्या श्रमावर तुमची हॉस्पिटलं चालतात त्यांच्या प्रेमाचा पुरावा मागणारे तुम्ही कोण, असा थेट सवाल केला. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही. बाईंनी पूर्ण वाचलं, "बरोबर आहे," म्हणाल्या, आणि सगळं खोडलं.

"हे पत्रकात छाप. इथे विशेषणं नकोत. प्रत्येक फोटोखाली एवढंच लिही: कोण कुठे उभं आहे, कुणाचं कोण लागतं, आणि काय करतंय."

म्हणून मी लिहिलं. 'पुढे टोपी घातलेले वराचे मामा. मागे डावीकडे वधू वराच्या मुंडावळ्या सोडवते आहे.' 'पुढे गावचे माजी सरपंच. मागे वधू झोपली आहे, वराने खांदा दिला आहे.' टॉवेल-टोपी म्हणजे काय, ती का देतात, आणि दिली नाही तर काय होतं, हे बाईंनी स्वतः एका पानात लिहिलं. इतकं सरळ लिहिलं की मला पहिल्यांदाच ती प्रथा कळली. आणि सगळ्यात वर भूषणचं निवेदन: आधीचे फोटो आम्ही बनवून घेतले होते. ते खोटे आहेत. हे खरे आहेत. त्याखाली सही करताना त्याचा हात अडला. बाई चष्म्यातून त्याच्याकडे बघत राहिल्या, त्याने सही केली. रोहिणीने ते सगळं तिकडे तिच्या नर्सांच्या युनियनच्या वकिलाला दाखवलं, तो ठीक म्हणाला. युनियनचा वकील! मी हे गल्लीत सगळ्यांना मुद्दाम सांगितलं.

नंतरचा काळ वाईट होता. माय खाली नळावर कुणाशी बोलेना. एजंटचा माणूस भूषणला भेटून सांगून गेला की तू स्वतःच्या हाताने दार बंद केलंस. भूषण जाकीट कपाटाच्या वर ठेवून मशीनवर जात राहिला. मी बाईंना एकदा विचारलं, होईल का हो? त्या म्हणाल्या, "माहीत नाही." दुसरं कुणी असतं तर खोटा धीर दिला असता. मी त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं. नाकावरच होता.

व्हिसा आला. भूषण ते सांगायला आला तेव्हा जिन्यातल्या खोक्यांची अख्खी चळत पाडून आला. दुकानदार खालून ओरडत होता, हा वरून पेढा पुढे करत होता. बाईंनी पासपोर्ट हातात घेऊन भिंगाखाली धरला, नाव नीट आहे का बघितलं, तारीख बघितली. मग चष्मा काढून पुसू लागल्या, बराच वेळ.

"काय झालं, बाई?" मी विचारलं.

"काही नाही. धूळ गेली."

चष्मा काढलेला होता.

माझं पत्रकही निघालं, शेवटच्या खर्ड्याचं. त्यात एकही विशेषण नव्हतं. एजंट काय सांगतो, स्टुडिओत काय होतं, नकार लपवला तर काय होतं, बस. तो एजंट आमच्या मंडळावर भांडायला आला. 'नराधम' म्हटलं होतं तेव्हा नव्हता आला. महिन्याभरात त्याने गाळा सोडला. आता दुसऱ्या नावाने दुसरीकडे बसतो. मी शोधून काढलंय, आणि त्या गल्लीतही पत्रकं गेली आहेत.

बाईंचे डोळे मात्र उतरत गेले. आधी भिंग मोठं झालं, मग कागद नाकाशी आले, मग मी वाचून दाखवू लागले. एके दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की आता चष्म्याने काही होणार नाही. त्यांची मुलगी त्यांना बडोद्याला घेऊन गेली. ऑफिस खोकेवाल्याने घेतलं, आता वरही खोकेच आहेत. लोक आमच्या मंडळात येतात आणि मी त्यांना तिथल्या तिथे सांगते की खोटं आधी सांगून घ्या. जमत नाही अजून. मला मधेच राग येतो.

परवा भूषणने फोटो पाठवला. त्यांना मुलगी झाली, तिचं बारसं. मी लगेच बाईंना फोन लावला.

"बाई, इतका सुंदर, इतका गोड फोटो आहे..."

"विशेषणं काढ," बाई म्हणाल्या. "कोण कुठे उभं आहे ते सांग."

मी सांगितलं. लहान हॉल आहे. मध्ये पाळणा. डावीकडे रोहिणी, हातावर मेंदी नाही. उजवीकडे भूषण, अंगात तेच जाकीट. पुढे खुर्चीत एक म्हातारे गोरे गृहस्थ बसलेत, त्यांचे घरमालक. त्यांच्या डोक्यावर टोपी आहे, खांद्यावर टॉवेल.

बाई खूप हसल्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "आणि मागे?"

त्या विचारणारच होत्या. मी फोटो बोटांनी मोठा केला. "मागे भिंतीला लागून एक खुर्ची आहे. रिकामी. तिच्यावर साडी ठेवलीय, नारळ, हळदीकुंकू. पाठीला कागद चिकटवलाय, मराठीत. वकीलबाई, असं लिहिलंय."

मला वाटलं, फोन कट झाला.

मग एक डबी उघडल्याचा बारीकसा आवाज आला. "थांब," बाई म्हणाल्या. "चष्मा लावते. पुन्हा सांग."